पोशाखाची वेठ

लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये एके काळी कापड निघत असे. आज त्याच आवारात कापड विकले जाते. एवढाच बदल झाला असता तर कारखान्याची जागा व्यापाराने घेतली असे म्हणून पुढे जाता आले असते. परंतु कापड विणणे आणि कापड विकणे यांच्या पलीकडचा एक तिसरा धंदा आता मुंबईत, पुण्यात आणि इतर मोठ्या शहरांत उभा राहिला आहे. नोकरदार माणसाने कचेरीत काय घालावे हे मोबदला घेऊन सांगण्याचा हा धंदा होय. तो करणाऱ्यांना 'स्टायलिस्ट' किंवा 'इमेज कन्सल्टंट' असे म्हणतात.

त्याची रीत ठरलेली आहे. सल्लागार बाई घरी येतात, कपाट उघडावयास लावतात आणि कपड्यांचे तीन ढीग करतात. एक ठेवावयाचा, एक शिंप्याकडे द्यावयाचा, एक टाकून द्यावयाचा. मग गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग पाहून त्याला कोणते रंग 'चालतात' हे ठरते. कॅरोल जॅक्सन या अमेरिकन बाईंच्या १९८० सालच्या पुस्तकाने ही विद्या घरोघर नेली. त्या विद्येप्रमाणे मनुष्यमात्राची विभागणी वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर अशा चार ऋतूंत होते. (वर्षा ऋतू त्यांत नाही. जुलै महिन्यात विजारीचे पाय दुमडून लोकल गाठणाऱ्या कारकुनाला या शास्त्रात जागा नाही, हे ओघानेच आले.) त्यानंतर खरेदीची यादी निघते, सल्लागार दुकानात बरोबर येतात, आणि शेवटी मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांचा एक संच कपाटात लागतो. त्याला 'कॅप्सूल वॉर्डरोब' असे औषधी नाव आहे.

या दारात केवळ नटनट्या आणि उद्योगपतींच्या सुना उभ्या राहतात, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. बाळंतपणानंतर कामावर परतणारी आणि जुने कपडे अंगाला येत नाहीत म्हणून गोंधळलेली स्त्री तेथे जाते. २०२० च्या टाळेबंदीपासून दोन वर्षे घरून काम केलेला आणि अचानक कचेरीत बोलावला गेलेला कर्मचारी जातो. पंचेचाळिसाव्या वर्षी कामावरून कमी केलेला आणि आता पंचविशीतल्या मुलांच्या रांगेत मुलाखतीला बसणारा गृहस्थ जातो. तालुक्याच्या गावातून पुण्याच्या संगणक कंपनीत लागलेली मुलगी पहिल्या पगाराची वाट न पाहता जाते. यांपैकी कोणीही हौसेखातर जात नाही. ही माणसे भ्यालेली आहेत, आणि या धंद्याचा कच्चा माल ही त्यांची भीतीच आहे.

चळवळीतील काही मंडळी हे वाचून हसतील. भांडवलशाहीने निर्माण केलेली ही आणखी एक चैन, कपड्यांत काय ठेवले आहे, असे ती म्हणतील. परंतु असे म्हणणाऱ्यांच्या अंगात बहुधा खादीचा झब्बा असतो आणि खांद्याला शबनम पिशवी असते. तो झब्बा किती चुरगळलेला असावा म्हणजे निष्ठा दिसते आणि कितीपेक्षा कमी चुरगळला तर शंका येते, याचेही अलिखित नियम आहेत. ते शिकविण्यास सल्लागार लागला नाही एवढेच. तेव्हा वस्त्र हा क्षुद्र विषय आहे हे म्हणणे प्रामाणिक नाही.

ते शास्त्रशुद्धही नाही. 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मार्क्सने मूल्याचा सिद्धांत उलगडण्यासाठी वीस वार लिनन आणि एक कोट हे उदाहरण घेतले. कोटाची किंमत त्याला केवळ पुस्तकातून कळलेली नव्हती. फेब्रुवारी १८५२ मध्ये त्याने एंगल्सला कळविले होते की, कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडणे अशक्य झाले आहे. आणि भांडवलदारांचा लाडका ॲडम स्मिथ? त्याने १७७६ मध्येच लिहून ठेवले की, गरजेची वस्तू म्हणजे केवळ जगण्यास लागणारी वस्तू नव्हे. ज्या वस्तूवाचून सामान्य माणसाला चारचौघांत जाण्याची लाज वाटेल ती वस्तूही गरजेचीच होय. प्राचीन ग्रीकांचे व रोमनांचे लिननवाचून अडत नव्हते, परंतु स्मिथच्या काळच्या युरोपात दिवसमजुरी करणाऱ्यालाही लिननचा सदरा अंगात नसेल तर लाज वाटे. म्हणजे बाजाराच्या आद्य आचार्याच्या मते नीटनेटका पोशाख ही गरज आहे. गरज असेल तर ती मजुरीच्या हिशेबात आली पाहिजे. हा साधा निष्कर्ष मात्र स्मिथचे नाव घेणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या पगारपत्रकात सापडत नाही.

याहून मोठा दाखला महाराष्ट्राच्या भूमीवरचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे भाषण केले. जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, जातीची खूण पटविणारे दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. पोशाख बदलणे हे त्या दिवशी बंडाचे कृत्य होते. त्रावणकोरमधील नाडर स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ लढा दिला आणि १८५९ च्या जाहीरनाम्याने तो हक्क पदरात पाडून घेतला, तेही असेच बंड होते.

मग महाडचा उपदेश आणि स्टायलिस्टचा सल्ला यांत फरक काय? वरवर पाहता दोन्ही एकच सांगतात की, वरच्यासारखे वस्त्र नेसा. परंतु बाबासाहेबांनी तो उपदेश भर सभेत केला. ज्यांना तो केला त्या सर्वांना मिळून तो पाळावयाचा होता, आणि तो पाळल्याने वरच्यांची मर्जी संपादन होणार नव्हती, उलट खप्पा होणार होती. स्टायलिस्टचा सल्ला बंद खोलीत एकट्या माणसाला दिला जातो, आणि वरच्याची मर्जी संपादणे हाच त्याचा हेतू असतो. शेजारच्या टेबलावरील सहकारी तो सल्ला विकत घेऊ शकत नसेल तर उत्तमच, कारण त्याच्यापेक्षा उठून दिसण्याकरिताच पैसे मोजलेले असतात.

या धंद्याचे मूळ पुरुष जॉन मॉलॉय हे अमेरिकन गृहस्थ निदान स्पष्टवक्ते होते. त्यांचे पुरुषांच्या पोशाखावरील 'ड्रेस फॉर सक्सेस' हे पुस्तक १९७५ साली आणि स्त्रियांसाठीचे १९७७ साली निघाले. या विद्येला ते 'वॉर्डरोब एंजिनिअरिंग' म्हणत. लोकांना वेगवेगळ्या पोशाखांतील माणसांची चित्रे दाखवून ती माणसे कोणत्या थरातली वाटतात हे त्यांनी विचारले. फिकट तपकिरी रेनकोट घातलेला मनुष्य वरच्या मध्यमवर्गातला आणि काळा रेनकोट घातलेला खालच्या थरातला मानला जातो, असे त्यांना आढळले. तेव्हा फिकट तपकिरी घ्या, असे त्यांनी सरळ सांगितले. त्यांनी वर्ग लपविला नाही, वर्गाचा वेश विकला. आजचे सल्लागार 'तुमचे व्यक्तिमत्त्व खुलवा', 'तुमच्यातला आत्मविश्वास बाहेर आणा' अशी भाषा बोलतात. माल तोच आहे, वेष्टन तेवढे बदलले.

येथे मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. कामासाठी लागणाऱ्या पोशाखाचा खर्च कोणी करावयाचा?

कामगार चळवळीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. एस. टी. किंवा बेस्टचा वाहक, रुग्णालयातील परिचारिका, पालिकेचा सफाई कामगार यांचा गणवेश, शिलाई आणि धुलाई भत्ता हे मागणीपत्रांतील नित्याचे विषय होते व आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, केंद्र सरकारने असे निरनिराळे भत्ते एकत्र करून वार्षिक पोशाख भत्ता लागू केला. त्याचा सर्वांत खालचा टप्पा वर्षाला ५,००० रुपयांचा होता. रक्कम तुटपुंजी म्हणता येईल, परंतु तत्त्व मान्य झाले आहे. मालक जे अंगात घालावयास सांगतो त्याचा खर्च मालकाचा.

या तत्त्वातून सुटण्याची युक्ती पांढरपेशा नोकऱ्यांत सापडली. नियम लिहावयाचाच नाही! गणवेश लेखी असतो, म्हणून त्याचा भत्ता मागता येतो. 'नीटनेटके दिसा', 'स्मार्ट फॉर्मल्स' ही अपेक्षा असते. ती कोठेही धडपणे लिहिलेली नसते आणि तरीही बढतीच्या वेळी, मुलाखतीत, वार्षिक मूल्यमापनात तीच बोलते. ज्याला ती आपोआप कळते तो बहुधा अशाच घरात वाढलेला असतो. ज्याला कळत नाही त्याने ती वाचून दाखविणारा मनुष्य भाड्याने घ्यावयाचा. स्टायलिस्ट म्हणजे मालकाच्या न लिहिलेल्या नियमाचा भाष्यकार. नियम मालकाचा, त्यातून होणारा लाभ मालकाचा. कपड्याची किंमत, भाष्यकाराची दक्षिणा आणि धुण्या-इस्त्रीचे श्रम तेवढे नोकराचे. पूर्वी सरकारी अंमलदार गावात आला म्हणजे गावकऱ्यांनी आपली बैलगाडी घेऊन फुकट राबावयाचे असे. त्याला वेठ म्हणत.

कायदाही बहुतेक वेळा मालकाच्या बाजूने डोळे मिटतो. ब्रिटनमध्ये ॲन मॅलालियू या बॅरिस्टर बाईंनी न्यायालयात घालाव्या लागणाऱ्या काळ्या पोशाखाचा आणि त्याच्या धुलाईचा खर्च हा व्यवसायाचा खर्च धरून करात वजावट मागितली. एरवी त्या असे काळे कपडे घालीतच नसत. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९८३ साली निकाल विरुद्ध लागला. कारण काय? वस्त्राने ऊब मिळते आणि लज्जारक्षणही होते, सबब तो खर्च केवळ व्यवसायासाठी झाला असे म्हणता येत नाही! जो पोशाख घातल्यावाचून न्यायालयात उभे राहता येत नाही तो थंडीसाठी घेतला, असे सर्वोच्च न्यायपीठाने ठरविले. उलट कंपनीने स्वागतकक्षात संगमरवर बसविला तर तो धंद्याचा खर्च. त्या संगमरवरावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्वागतिकेचे बूट हा तिचा खासगी खर्च.

अर्थात लढले तर वेगळेही घडते. कॅलिफोर्नियात कपड्यांच्या दुकानांची एक मोठी साखळी आपल्या विक्रेत्यांना स्वतःच्याच दुकानातले कपडे विकत घेऊन घालावयास लावीत असे. २००३ साली तिला सुमारे बावीस लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. तेथे सक्ती सिद्ध करता आली. जेथे सक्तीला अपेक्षेचे सोवळे नेसविले जाते तेथे ती सिद्ध करणे कठीण, आणि हेच त्या सोवळ्याचे प्रयोजन आहे.

ज्यांना सल्लागार परवडत नाही त्यांच्यासाठी धर्मादाय व्यवस्थाही आहे, आणि तिच्याविषयी तुच्छतेने बोलू नये. न्यू यॉर्कमध्ये नॅन्सी लब्लिन या कायद्याच्या विद्यार्थिनीने १९९७ साली एक संस्था सुरू केली. योगायोगाने मॉलॉयच्या पुस्तकाचे आणि या संस्थेचे नाव एकच आहे. गरीब स्त्रीला मुलाखतीसाठी एक चांगला सूट द्यावयाचा, तो निवडण्यास मदत करावयाची, आणि नोकरी लागल्यावर आणखी काही कपडे द्यावयाचे, असे तिचे काम. ज्या बाईला आयुष्यात कोणी आरशासमोर उभे करून 'हे तुम्हाला शोभते' असे म्हटले नसेल, तिला त्या दिवशी काय वाटत असेल याची थट्टा करणारा मनुष्य समाजवादी नव्हे.

परंतु तारखा पाहाव्यात. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी कल्याणकारी मदतीच्या 'सुधारणे'च्या कायद्यावर सही केली. गरीब कुटुंबाला संघीय निधीतून मिळणाऱ्या रोख मदतीवर उभ्या आयुष्यात पाच वर्षांची मर्यादा आली आणि लेकुरवाळ्या स्त्रियांना मिळेल त्या कामाकडे ढकलण्यात आले. त्या लोंढ्याला पुढच्याच वर्षी धर्मादाय सूट मिळू लागले. सरकारने पायाखालचे जाजम ओढले, समाजातील सज्जनांनी कोट दिला. त्या कोटात जाऊन जी नोकरी मिळते तिचे काय? अमेरिकेतील संघीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर आहे आणि ते आजतागायत हललेले नाही. मुलाखतीचा पोशाख सुधारण्यासाठी माणसे धावून आली, आणि मुलाखतीनंतरच्या पगाराकडे कायद्याने सोळा वर्षांहून अधिक काळ पाहिलेले नाही.

दूर अमेरिकेत कशाला जावे? १५ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. पुरुषांचा सदरा फिकट रंगाचा, विजार गडद रंगाची, सदरा विजारीत खोचलेला. स्त्रियांनी साडी, किंवा सलवार अथवा चुडीदार, कुडता आणि ओढणी. जीन्स व टी-शर्ट वर्ज्य. सदरा खोचला आहे की नाही इथपर्यंत शासनाची सूक्ष्म दृष्टी पोहोचली. त्याच शासनाने प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला वर्षानुवर्षे महिना ६,००० रुपयांवर राबविले आणि २०२३ मध्ये तो आकडा १६,००० केला. त्या मानधनात भाडे, प्रवास, घरी पाठवावयाचे पैसे आणि फिकट सदऱ्यांचा संच बसवून दाखवील असा स्टायलिस्ट अजून जन्मावयाचा आहे.

या ओझ्याची वाटणीही समान नाही. पुरुष चार सदरे आणि दोन विजारी यांवर वर्ष काढतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. स्त्रीने तीच साडी आठवड्यात दोनदा नेसली तर टेबलाटेबलांवर नोंद होते. तिने साधे नेसले तर 'गबाळी', चांगले नेसले तर 'नटवी'. या दोन शब्दांमधील अरुंद वाटेवरून तिला रोज चालावयाचे असते, आणि तेही पहाटे उठून डबे भरल्यावर. लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये एका स्वागतिकेला दोन ते चार इंच टाचांचे बूट घालण्यास नकार दिल्याबद्दल पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठविण्यात आले. तिच्या अर्जावर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या, संसदीय समित्यांनी २०१७ मध्ये अहवाल दिला, सभागृहात चर्चा झाली. सरकारने कायदा आहे तो पुरेसा आहे असे सांगून विषय संपविला. अशा वेळी व्यावसायिक सल्लागार काय करतो? टाच मऊ आणि आकर्षक कोणत्या दुकानात मिळते ते सांगतो. वाईट हेतूने नव्हे. तो स्वतःही बहुतेकदा भविष्यनिर्वाह निधीवाचून, एकेका गिऱ्हाइकावर पोट भरणारा असतो. त्याला नियम बदलता येत नाही, माणूसच बदलता येतो.

नियम बदलणाऱ्या स्त्रिया केरळात निघाल्या. कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरील आणि इतर शहरांतील कापड दुकानांत विक्रेत्या मुली दुकानाने ठरवून दिलेली साडी नेसून दिवसभर उभ्या असत. गिऱ्हाईक नसतानाही बसावयाचे नाही, भिंतीला टेकावयाचे नाही, स्वच्छतागृहाची सोय नाही. स्वतः नखशिखांत नीटनेटक्या दिसत, इतरांना रेशमी साड्या उलगडून दाखवीत आणि घरी सुजलेले पाय घेऊन जात. तेथे पी. विजी या शिंपीणकाम केलेल्या बाईंच्या पुढाकाराने 'पेण्कूट्टू' ही स्त्रियांची संघटना उभी राहिली. प्रस्थापित युनियननी आरंभी फारसे लक्ष दिले नाही, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी डोक्यात ठेवण्यासारखी आहे. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर २०१८ साली केरळने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय मालकावर बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. एखाद्या सल्लागाराने त्या मुलींना पाय कमी दुखतील अशा चपला सुचविल्या असत्या. त्यांनी स्टूल मागितले आणि मिळविले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिवत मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या. त्या कामगारांच्या घरांतल्या मुली-नाती आज मॉलच्या काचेमागे, गुळगुळीत केस आणि काळी विजार या वेशात उभ्या आहेत. त्यांच्या आजोबांना मागणीपत्र कसे लिहितात हे ठाऊक होते. त्यांना 'प्रेझेंटेबल' कसे दिसावे हे शिकविले गेले आहे. कचेऱ्यांतील पांढरपेशांची स्थिती याहून बरी नाही. चाळीतली वहिनी, नाक्यावरचा शिंपी, टेबलावरचा जुना हेडक्लार्क हे सल्ले फुकट देत असत. ती माणसे उरली नाहीत आणि त्यांच्या जागी युनियनही आली नाही, म्हणून सल्ला विकत घ्यावा लागतो.

तेव्हा स्टायलिस्टकडे जाणाऱ्याला हिणवून पक्षाचे काहीच साधणार नाही. त्याच्या कपाटावर पडलेला खर्च कोणाचा आहे हे त्याला दाखविले पाहिजे. पोशाखाचा नियम असेल तर तो लेखी मागावा. लेखी देण्याची मालकाची तयारी नसेल तर त्या कारणाने कोणाची नोकरी, बढती वा मूल्यमापन अडविता येणार नाही असे लिहून घ्यावे. लोअर परळच्या दुकान-कामगारांचे मागणीपत्र जेव्हा लिहावयास घेतले जाईल तेव्हा हे पहिले कलम असावे, शिलाई-धुलाईचा भत्ता हे दुसरे, आणि बसावयास स्टूल हे तिसरे.